बाहुलीचे घर आणि त्याचे साल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात मुलांच्या हातून एक लहानसा मराठी वाडा करून घ्यावयाचा, असे आपल्या मंडळाने ठरविले आहे हे आपण जाणताच. टेबलावर मावेल एवढा वाडा. समोरची भिंत दारासारखी उघडली की आतले सोपा, माजघर, स्वयंपाकघर दिसावे, अशी ही योजना. कल्पना सर्वांस पसंत पडली. मतभेद झाला तो पुढेच. वाडा कोणत्या काळातला दाखवावयाचा, असा साधा प्रश्न कोणी तरी विचारला आणि ती संध्याकाळ त्यातच गेली. कोणी पेशवाई म्हणाले, कोणी त्याही मागे गेले. एका काकूंनी वाडाच कशाला, आमचे जांभ्या दगडाचे कोकणातले घर काय वाईट, असे विचारले. वऱ्हाडची मंडळी आधी गप्प बसली होती, तीही मग बोलू लागली. अखेर 'सगळ्यांतले थोडे थोडे घेऊ' असा तोडगा निघाला आणि चहा आला. आम्ही आज उभे आहोत ते त्या तोडग्याविरुद्ध बोलण्यासाठी.

आपल्याकडे भातुकली आहे, पण भातुकलीला घर नाही. चूल, पोळपाट, जाते, बंब, पितळेची वा सावंतवाडीच्या रंगीत लाकडाची भांडी, सारे आहे. भिंती मात्र मुलींनी मनाने उभ्या करावयाच्या, फार तर जमिनीवर खडूची रेघ ओढावयाची. दिवाळीतला किल्ला आहे, पण त्यात काळाचे बंधन कोणी पाळत नाही. महाराज सिंहासनावर असतात आणि पायथ्याच्या रस्त्याने मोटार जाते. तो खेळ आहे आणि तसाच तो असावा. परंतु ज्या घरात आपण मुलांना सांगणार की 'बाळांनो, आपण येथून आलो', ते घर निराळे. त्याचा विचार ज्यांनी साडेचारशे वर्षे केला त्यांच्याकडे पाहणे आम्हांस आवश्यक वाटते. म्हणून प्रथम युरोपात जाऊ आणि मग आपल्या वाड्याकडे परत येऊ.

ज्या पहिल्या बाहुलीघराची लेखी नोंद सापडते ते बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने १५५८ साली करविले. मुलीसाठी म्हणून ते केले असे सांगतात, पण ते गेले ड्यूकच्या संग्रहालयात, शंखशिंपल्यांच्या आणि दुर्मिळ वस्तूंच्या शेजारी. १५९८ साली त्यातील वस्तूंची यादी झाली आणि १६७४ साली म्युनिकच्या राजवाड्याला आग लागली तेव्हा घर जळाले. यादी उरली. घरापेक्षा यादी टिकाऊ ठरली, हे गृहिणींना नवल वाटणार नाही.

पुढच्या शतकात न्यूरेंबर्ग शहरात अशी घरे होऊ लागली. तेथील अॅना क्योफरलिन नावाच्या बाईने १६३१ साली आपले बाहुलीघर पैसे घेऊन लोकांना दाखविले आणि त्याचे छापील माहितीपत्रकही काढले. मुलींनी ते पाहून घर कसे चालवावे हे शिकावे असा तिचा हेतू होता. त्याच शहरातले १६३९ सालचे एक मोठे घर तेथील राष्ट्रीय संग्रहालयात आज पाहावयास मिळते. त्याचे स्वयंपाकघर पाहिले की आपल्या भातुकलीची आठवण व्हावी इतकी तांब्या-पितळेची भांडी भिंतीवर ओळीने लावलेली आहेत. त्या काळच्या खऱ्या घरांतली भांडी पुढे वितळली, मोडीत गेली. इवल्याशी भांडी मोडीत घालून कोणाला काय मिळणार? म्हणून ती उरली. लहानपणाचा हा एक फायदाच म्हणावयाचा.

पण या साऱ्या इतिहासात आम्हांस सर्वांत अधिक थांबवून ठेवते ते अॅमस्टरडॅम. सतराव्या शतकात त्या शहरात पैसा आला होता, आणि व्यापाऱ्यांच्या बायका उंच लाकडी कपाटांत घरे मांडीत. पेट्रोनेला ओर्टमन ही त्यांपैकी एक. १६८६ साली तिचा विवाह योहानेस ब्रांट या रेशमाच्या व्यापाऱ्याशी झाला, आणि पुढली वीस-पंचवीस वर्षे ती आपले कपाट भरीत राहिली. कपाट कासवाच्या पाठीच्या आणि कथिलाच्या जडावकामाचे आहे. ते अॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे. आत नऊ खोल्या. चिनी मातीची भांडी पूर्वेकडून मागविलेली, टोपल्या विणणाऱ्याकडून टोपल्या, चांदीकाम सोनाराकडून, भिंतीवरची चित्रे चित्रकाराकडून. ज्याचा जो धंदा त्यानेच ती वस्तू करावयाची, फक्त लहान. या एका कपाटावर झालेल्या खर्चात कालव्याकाठचे एखादे खरे घर आले असते, असा हिशेब तेथे सांगतात.

त्या खोल्यांतली एक खोली बाळंतिणीची आहे. बाळंतीण, पाळणा, भेटीस येणाऱ्या बायकांसाठी मांडलेल्या खुर्च्या. हॉलंडमधल्या त्या काळच्या बहुतेक बाहुलीघरांत ही खोली आढळते, कारण त्या समाजात बाळंतिणीला भेटावयास जाणे हा मोठा सोहळा होता. वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालण्याची आणि इस्त्री करण्याची जागा आहे. स्वयंपाकघरे दोन आहेत: एक रांधण्याचे, आणि दुसरे केवळ चांगली भांडी मांडून ठेवण्याचे. आता विचार करा. 'सतराव्या शतकातील डच शैली' असे पुस्तकात वाचले तर आपल्या डोळ्यांपुढे काय येते? काळी-पांढरी फरशी, उंच पाठीची खुर्ची, कातडे मढविलेली भिंत. पण पेट्रोनेलेच्या कपाटात शैली नाही, घर आहे. शैली आपण तीनशे वर्षांनी काढली. ती बाई फक्त आपल्या वेळच्या घरात जे जे लागते ते ते लहान करून ठेवीत होती. याकोब आपेल या चित्रकाराने १७१० च्या सुमारास त्या कपाटाचे तैलचित्र काढले. त्यात बाहुल्या दिसतात, आज त्या जवळजवळ सर्व नाहीशा झाल्या आहेत. माणसे गेली आणि घर उरले. मग त्याला लोक शैली म्हणू लागले.

येथून आपण इंग्लंडात जाऊ. तेथे अशा घराला 'बेबी हाउस' म्हणत, कारण बाहुलीला बेबी म्हणण्याची रीत होती. ससेक्समधील अपपार्क या हवेलीतले बाहुलीघर १७३५ ते १७४० च्या सुमाराचे. सारा लेथ्यूलिये ही वधू १७४७ साली लग्न होऊन त्या हवेलीत आली तेव्हा ते आपल्याबरोबर घेऊन आली. त्यात मालकमंडळींचे चेहरे मेणाचे आहेत आणि नोकरांचे लाकडाचे. या एका गोष्टीत त्या समाजाबद्दल जे कळते ते नक्षीवरून कळत नाही. १९८९ साली अपपार्कला मोठी आग लागली तेव्हा लोकांनी हे बाहुलीघर बाहेर काढून वाचविले.

ज्यांना लहान घरे करण्याचा छंद आहे ते त्या काळाला जॉर्जियन म्हणतात, १७१४ पासून १८३० पर्यंतचा. आज जगभर अशा घरांचे साहित्य विकत मिळते आणि त्यावर कालखंडांची नावे छापलेली असतात: जॉर्जियन, रीजन्सी, व्हिक्टोरियन, एडवर्डियन. खोकी आणली, उघडली, मांडली. परंतु काळ ओळखण्याच्या खऱ्या खुणा त्या खोक्यांत नसतात. त्या कशात असतात याची दोन-तीन उदाहरणे सांगतो.

पहिली खूण बसण्याची. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी दिवाणखान्यातील खुर्च्या भिंतीला लावून ओळीने ठेवीत. पाहुणे आले की पुढे ओढावयाच्या, गेले की परत भिंतीला. म्हणून त्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर लाकडाची पट्टी असे, खुर्चीची पाठ घासून भिंत खराब होऊ नये यासाठी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस खुर्च्या भिंत सोडून खोलीच्या मध्यभागी आल्या, शेगडीभोवती आणि गोल मेजाभोवती जमल्या, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात तर वाट काढून चालावे लागे इतके सामान खोलीत झाले. चिपेंडेलने आपले नमुन्यांचे प्रसिद्ध पुस्तक १७५४ साली छापले. त्याच्या नमुन्याची सुंदर खुर्ची करून ती कोणी खोलीच्या मधोमध कोचासमोर ठेवली, तर खुर्ची १७५४ ची आणि खोली आपली, असा प्रकार होतो. वस्तू बरोबर असून घर चुकते.

दुसरी खूण काचेची. पूर्वी काच फुंकून, गरगर फिरवून चपटी करीत. तीतून मोठा तुकडा निघत नसे. शिवाय इंग्लंडात काचेवर कर होता आणि खिडक्यांवरही. म्हणून जॉर्जियन खिडकीला लहान लहान तावदाने, वरच्या सरकत्या चौकटीत सहा, खालच्या चौकटीत सहा. काचेवरचा कर १८४५ साली उठला, खिडक्यांवरचा १८५१ साली. मोठी काच करण्याची रीतही तोवर आली होती. त्यानंतरच्या घराला दोन-दोन मोठ्या काचा लागल्या. म्हणजे ज्याला आपण 'सौंदर्य' म्हणतो त्यातला पुष्कळसा भाग सरकारी करवसुलीचा असतो. दिल्लीत राहणाऱ्या आपणा मंडळींना हे समजावून सांगावयास नकोच.

तिसरी खूण रंगाची आणि उजेडाची. विल्यम पर्किनला १८५६ साली डांबरापासून जांभळा रंग सापडला, आणि काही वर्षांत इंग्लंडातल्या बायका झगझगीत जांभळ्या दिसू लागल्या. त्याआधीच्या घराला तसला पडदा लावला की घर खोटे पडते. मेणबत्ती, तेलाचा दिवा, मग गॅस, मग रॉकेल, आणि १८८० नंतर हळूहळू वीज, या क्रमाने खोलीतला उजेड वाढत गेला आणि उजेडाप्रमाणे भिंतीचा रंग, आरशांची जागा, सोनेरी मुलाम्याची हौस बदलत गेली.

व्हिक्टोरियन काळात बाहुलीघर मोठ्यांच्या कपाटातून मुलांच्या खोलीत आले. त्यातले सामान बहुतांशी जर्मनीहून येई. थुरिंगियातील वाल्टर्सहाउझेन येथे काळसर लाकडावर सोनेरी नक्षी उठविलेली छोटी टेबले, कपाटे होत. गंमत अशी की १८३०-४० मध्ये ठरलेले हे नमुने ते कारागीर पुढे कित्येक दशके तसेच करीत राहिले. त्यामुळे १८८० सालच्या बाहुलीघरात पणजीच्या काळचे टेबल नवेकोरे मिळते. अभ्यासकांना याचा त्रास होतो. आम्हांस त्यात आनंद वाटतो, कारण खऱ्या घरातही असेच असते. कोणते कुटुंब आपले सारे सामान एका वर्षी घेते?

आता आपल्या दिल्लीशी संबंध येतो. रायसिना टेकडीवर आज जे राष्ट्रपती भवन आहे त्याची आखणी करणारे एडविन ल्यूटिन्स हेच इंग्लंडच्या मेरी राणीच्या बाहुलीघराचेही वास्तुशिल्पी. येथे तो अवाढव्य प्रासाद उभा राहत होता त्याच वर्षांत, १९२१ ते १९२४ मध्ये, ते तिकडे सुमारे पाच फूट उंचीचा दुसरा प्रासाद उभारीत होते. फुटास इंच हे त्याचे प्रमाण. बाहेरचे कवच विजेच्या यंत्राने वर उचलले जाते. आत लिफ्ट चालतात, दिवे लागतात, न्हाणीघरातल्या नळांना गरम आणि थंड पाणी येते. तळघरातल्या बाटल्यांत खरी मद्ये भरलेली आहेत. पुस्तकघरातली इवली पुस्तके कॉनन डॉइल, किपलिंग, हार्डी अशा लेखकांकडून घेतलेली. सुमारे पंधराशे कारागीर आणि कलावंत यांनी त्यावर काम केले. १९२४ साली वेंब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात लाखो लोकांनी ते पाहिले, आणि आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे.

या घराचे साल कोणालाही सांगता यावे. गाडीखान्यात त्या काळच्या मोटारी आहेत, ग्रामोफोन आहे, शिवणाचे यंत्र आहे, धूळ ओढणारे यंत्र आहे. सारे १९२० च्या आसपासचे. परंतु बाहेरचा दर्शनी भाग दोनशे वर्षे मागच्या वळणाचा, आणि राजाराणीच्या दालनांतले सामानही जुन्या घडणीचे. हा घोटाळा नव्हे. राजवाडा असाच असतो. वर जुन्या पद्धतीचा पलंग आणि खाली नवी मोटार, हेच त्या सालाचे सत्य होते. त्यात १९३० ची एखादी वस्तू असती तर मात्र सारे कोसळले असते. घरात मागचे कितीही असू शकते. पुढचे काही असू शकत नाही. काळाच्या शुद्धतेचा एवढाच नियम आम्ही मानतो.

ल्यूटिन्ससाहेबांच्या त्या घरात एक गोष्ट मात्र कोणाच्याही हातची नव्हती. नळ लहान झाला, पाण्याचा थेंब लहान झाला नाही. इवल्याशा नळातून पडणारा थेंब त्या टबाच्या मानाने केवढा तरी मोठा दिसणार. ज्योतीचेही तेच, कापडाचेही तेच. बारावा हिस्सा उंचीच्या खिडकीला पडदा लावला तरी सुताची जाडी बारावा हिस्सा होत नाही; पडदा ताठ उभा राहतो. त्यासाठी जुनी, धुऊन धुऊन विरलेली मलमल शोधावी लागते. आपल्यापैकी कोणाच्या ट्रंकेत आजोबांचे उपरणे असेल तर बालविभागाकडे द्यावे, ही येथेच विनंती करून ठेवतो.

अमेरिकेत या कलेच्या दोन वाटा झाल्या, त्या सांगून आपण घरी परतू. शिकागोच्या मिसेस जेम्स वॉर्ड थॉर्न यांनी १९३२ ते १९४० या काळात कारागिरांकडून ६८ खोल्या करवून घेतल्या. त्या तेथील आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. तेराव्या शतकापासून विसाव्यापर्यंत, युरोप आणि अमेरिका, प्रत्येक खोली एकेका काळाची आणि निर्दोष. बाहुली एकही नाही. सौंदर्य पाहावे तर तेथेच. परंतु प्रत्येक खोली एकेकटी आहे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारे कुटुंब तेथे नाही. दुसरी वाट फेथ ब्रॅडफर्ड यांची. त्या ग्रंथपाल होत्या, आणि त्यांनी १९५१ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला आपले तेवीस खोल्यांचे घर दिले. कारागिरीत ते थॉर्नबाईंच्या पासंगाला पुरणार नाही. पण ते विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभीच्या एका मोठ्या कुटुंबाचे घर आहे. पीटर डॉल, त्यांची पत्नी, दहा मुले, पाच नोकर, वीस पाळीव प्राणी, आणि काही दिवस राहावयास आलेले आजी-आजोबा. वर माळ्यावर ट्रंका ठेवण्याची खोली आहे. ज्या घराला अडगळीची खोली सुचते ते घर ज्याने केले त्याला काळ समजला, असे आमचे मत आहे. आपणा दिल्लीकरांच्या सरकारी क्वार्टरांना माळा नव्हता, म्हणून आपली अडगळ पलंगाखाली गेली.

तर आता आपला वाडा. 'मराठी वाडा' म्हटले की मुलांच्या पुस्तकांत जे चित्र येते ते सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, महिरपी, चौकात तुळशीवृंदावन, दिंडीदरवाजा, कडीपाटाचे छत. हे सारे खरे आहे आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात आणि इतरत्र असे वाडे झाले. पण त्यावर लाल मंगलोरी कौले घातली तर? बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. पेशवाई १८१८ त संपली. पेशवाई वाड्यावर घरगुती नळीची कौले असणार. भिंतीवर राजा रविवर्म्याची लक्ष्मी टांगली तर? त्यांचा छापखाना १८९४ सालचा. खुंटीला ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील अडकविला, तर आपण १९१६ च्या पुढे आलो, कारण ओगल्यांचा कारखानाच त्या सालचा. स्टेनलेस स्टीलचे डबे फळीवर आले की आपण स्वातंत्र्यानंतरच्या काळात आहोत; त्यापूर्वीची फळी पितळेची आणि दारी कल्हईवाला.

आणि इंग्रजांच्या खुर्चीबद्दल जे म्हटले त्याचे उत्तर आपल्याकडे गादीत आहे. जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात माणसे जमिनीवर बसत, लोड-तक्क्याला टेकून. म्हणून त्या दालनाच्या खिडक्या जमिनीपासून सुरू होतात. बसल्या जागेवरून रस्ता दिसावा अशी ती योजना. कोनाडेही बसल्या माणसाचा हात पोचेल असे. जमिनीवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे फुटास इंच या मापाने सुमारे अडीच इंचांवर येतात. आपला वाडा करणाऱ्या मुलांनी प्रत्येक खोलीत प्रथम पेन्सिलीने अडीच इंचांवर रेघ मारावी आणि मग खिडकी कोठे ठेवावयाची ते ठरवावे. पुढे खुर्च्या आल्या, वाकविलेल्या लाकडाच्या, व्हिएन्नाच्या थोनेटने १८५९ साली काढलेल्या नमुन्याच्या, ज्या पुढे मुंबईच्या इराण्यांकडे घरोघरच्यासारख्या झाल्या. त्या दिवाणखान्यात ठेवल्या की खिडकी एकदम खाली गेल्यासारखी दिसते. ती खाली गेलेली नसते. माणूस वर गेलेला असतो.

मग आपण कोणते साल घ्यावे? आमची सूचना पेशवाईची नाही. आपल्यापैकी कोणीही पेशवाईतून दिल्लीस आलेले नाही. या मंडळाच्या संस्थापकांनी पन्नास वर्षांपूर्वी जे घर मागे सोडले ते आपण करावे, आणि ते बहुतेकांचे वाड्याचे दिवाणखाने नव्हते. वाड्यातली दोन खोल्यांची बिऱ्हाडे होती. त्या सुमारास पुण्यातले पुष्कळ वाडे भाडेकरूंनी भरले होते. दिवाणखान्याच्या मधोमध लाकडी फळ्यांची भिंत पडून त्याच्या दोन खोल्या झालेल्या, महिरप अर्धी या बिऱ्हाडात आणि अर्धी शेजारच्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे पडले, आणि जे राहिले त्यांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहिली. ही अर्धी महिरप आणि ही रेघ आपल्या छोट्या वाड्यात असावी, असे आम्हांस आग्रहाने वाटते. मुलांना पूर्ण महिरप अधिक आवडेल, पालकांनाही आवडेल. पण मग आजोबा गाव सोडून हजार-बाराशे किलोमीटर दूर का आले, हे त्या घराकडे पाहून कोणाला कळावयाचे नाही.

कोकण आणि वऱ्हाड यांवर अन्याय होतो, हे खरे. त्यासाठी शेजारी दुसरे घर करावे. एका घरात तीन गावे कोंबू नयेत.

आता त्या बिऱ्हाडात काय काय असावे ते थोडक्यात सांगतो. भिंतीवर 'कालनिर्णय'. ते १९७३ साली सुरू झाले, तेव्हा आपल्या सालाला ते चालते. नखाएवढे करावे, पण महिना बरोबर लिहावा. लाकडी पट्टीवरून गेलेली विजेची तार आणि काळे गोल बटण. छताला एक पिवळा दिवा. वीज गेली तर म्हणून खुंटीला प्रभाकर कंदील, पन्नास वर्षे जुना. रविवर्म्याची लक्ष्मी, काचेच्या चौकटीत, कडा पिवळ्या पडलेली. एका फळीवर स्टीलचे डबे उतरत्या क्रमाने, आणि खालच्या फळीवर आजीची पितळी भांडी, आता वापरात नसलेली. ओट्यावर स्टोव्ह आणि खाली रॉकेलचा डबा. मोरीशेजारी तांब्याचा बंब. लोखंडी कॉट एक. तिच्याखाली वळकट्या आणि पाट. देवघर म्हणजे कोनाडा, आणि त्यात समई. खरी समई तीन फुटांची असली तर आपली तीन इंचांची, परंतु बिऱ्हाडातली समई बहुधा फुटाचीच असते, म्हणजे इंचाची. टेबलावर ट्रान्झिस्टर. एक वाकविलेल्या लाकडाची खुर्ची, तिची वेताची बैठक फाटलेली आणि तीवर फळी ठोकलेली.

आणि दाराशी एक पत्र्याची ट्रंक, दोरीने बांधलेली. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि खाली 'नवी दिल्ली' असे लिहावयाचे आहे. ट्रंकेची लांबी अडीच इंच घ्यावी. नाव कोणाचे लिहावयाचे ते कार्यकारिणीने ठरवावे, मात्र चहा येण्यापूर्वी.